चुनखडीची खडी काँक्रीटला चालेल का? अल्कली रिॲक्शनची टेस्टिंग, पहिल्या पोत्यापासून वर्षाच्या रीडिंगपर्यंत

आपल्या ठाणे-नवी मुंबईत खडी म्हटलं की काळा दगड. तुर्भ्याच्या, पनवेलच्या, शहापूरच्या बाजूला जिथे जाल तिथे बेसॉल्टच, त्यामुळे इथल्या आरएमसी (तयार काँक्रीट) प्लांटवाल्यांना आणि क्यूसीच्या (क्वालिटी तपासणाऱ्या) पोरांना चुनखडक, डोलोमाइट असल्या दगडाची सवयच नाही. मी महाप्याला एका मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये आहे आणि आमच्याकडे अधूनमधून यवतमाळ-चंद्रपूर साईडची सॅम्पल्स येतात, तिकडे जमिनीखाली चुनखडक भरपूर, सिमेंटचे कारखाने त्याच्यावरच चालतात, मग रस्त्याचं किंवा कॅनॉलचं काम निघालं की ठेकेदार म्हणतो शेजारीच खाण आहे तर लांबून काळी खडी का आणू. प्रश्न बरोबरच आहे. बहुतेक चुनखडकाची खडी चांगलीच असते. पण त्यातला एक ठरावीक प्रकार काँक्रीटच्या आत फुगतो आणि तो नेमका आपल्या नेहमीच्या टेस्टमधून निसटतो, म्हणून हे एवढं सविस्तर लिहितोय.

बहुतेक वेळा पार्टी हातात एक रिपोर्ट घेऊनच येते. चौदा दिवसांची ॲक्सिलरेटेड मॉर्टर बार टेस्ट (दगडाची वाळू करून सिमेंटबरोबर बार ओतायचा आणि तो किती लांबतो ते बघायचं), ८० डिग्री, १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड, एक्स्पान्शन ०.१० टक्क्याच्या आत. "साहेब, पास आहे ना, शिक्का मारा." काळ्या दगडाला किंवा क्वार्ट्झाइटला ती टेस्ट ठीक आहे, कारण ती सिमेंटमधला अल्कली (सोडियम-पोटॅशियमचे क्षार) आणि दगडातली सिलिका यांच्या रिॲक्शनसाठी बनवलेली आहे. कार्बोनेट दगडाची भानगड वेगळी, त्याला हा पास म्हणजे पास नाही.

भानगड नेमकी काय आहे

डोलोमाइट म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचं जोड कार्बोनेट. सिमेंटमधला अल्कली त्याच्यावर बसला की डोलोमाइट फुटतो, त्यातून ब्रुसाइट म्हणजे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड तयार होतं, कॅल्साइट तयार होतं आणि सोडियम कार्बोनेट सुटतं. याला डीडोलोमिटायझेशन म्हणतात. आता पुढचा भाग नीट वाचा, कारण सगळी गोम इथे आहे. ते सोडियम कार्बोनेट सिमेंट पेस्टमधल्या चुन्याशी रिॲक्ट होतं आणि सोडियम हायड्रॉक्साइड परत मोकळं होतं. म्हणजे अल्कली खर्चच होत नाही, तो फिरून फिरून कामाला लागतो.

म्हणूनच आपले नेहमीचे उपाय इथे टिकत नाहीत. आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय स्टँडर्डमध्ये अल्कली रिॲक्शनसाठी जे सांगितलंय, ०.६ टक्क्याच्या आतलं लो अल्कली सिमेंट, किमान २० टक्के फ्लाय ॲश (कोळशाची राख) किंवा ५० टक्के स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी), ते सिलिकावाल्या दगडाला छान लागू पडतं, पण फुगणाऱ्या कार्बोनेट दगडाला त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. "फ्लाय ॲश टाकतोय ना आम्ही" हे उत्तर या दगडाला चालत नाही हे डोक्यात पक्कं ठेवा.

हा प्रकार पहिल्यांदा लक्षात आला तो कॅनडात, ओंटारिओमधल्या किंग्स्टनच्या आसपास. तिथल्या काँक्रीटला भेगा पडल्या, जॉइंट दाबले गेले, आणि स्वेन्सन नावाच्या संशोधकाने १९५७ मध्ये लिहिलं की हा दगड त्या वेळच्या एएसटीएमच्या (टेस्टची स्टँडर्ड ठरवणारी अमेरिकन संस्था) नेहमीच्या टेस्टमध्ये सापडतच नाही. म्हणजे आज आपल्यासमोर जे चौदा दिवसांचं पास सर्टिफिकेट येतं, त्याच्यासारखीच फसगत तेव्हाही झाली होती. पुढे या विषयात वादही झाला, जपानच्या कातायामांनी मायक्रोस्कोपखाली बघून मांडलं की फुगण्याचं खरं कारण दगडात लपलेला अतिबारीक क्वार्ट्झ आहे आणि डोलोमाइटचं फुटणं हे शेजारी चाललेलं निरुपद्रवी काम आहे. कारण कुठलंही धरा, दगड फुगतो हे खरं आणि टेस्ट करायचीच हेही खरं.

सॅम्पल, इथेच निम्मं काम होतं किंवा बिघडतं

चुनखडक थरांचा असतो. वरचा थर पांढुरका आणि स्वच्छ, त्याच्या खालचा राखाडी, मातकट, बारीक दाण्याचा, परत खाली चांगला. क्रशरच्या ढिगातून एक पोतं भरून आणलंत तर हे सगळे थर एकत्र होतात आणि वाईट थर चांगल्यात लपतो. आमच्याकडे असंच एक मिक्स पोतं आलं होतं, टेस्टला काहीच निघालं नाही, नंतर त्याच खाणीतून थराथराने दगड मागवला तर एक राखाडी थर सरळ फुगला. तेव्हापासून कार्बोनेट दगडाचं मिक्स पोतं मी फक्त बघायला घेतो, टेस्टिंगला नाही.

तेव्हा खाणीत स्वतः जा किंवा समजणाऱ्या जिओलॉजिस्टला पाठवा. खाणीच्या उभ्या भिंतीवर वरून खालपर्यंत रंग, दाणा, मातीचं प्रमाण जिथे बदलतंय तिथे पेंटने खूण करा, प्रत्येक थरातून डोक्याएवढे तरी दगड घ्या, खडी नाही, अखंड दगड, कारण पुढे त्यातून कोअर काढायचाय. दगड थरात कसा बसलेला होता ती वरची बाजू बाणाने दाखवा. थराची जाडी आणि खोली वहीत लिहा, फोटो काढा. पोत्यावर मार्करने नाव लिहू नका, पावसात उडून जातं, ॲल्युमिनियमची पट्टी ठोकून दोन लेबलं करा, एक आत एक बाहेर. सगळ्यात जास्त संशय धरायचा तो राखाडी, मातकट, फोडल्यावर अगदी बारीक आणि निस्तेज दिसणाऱ्या थरावर. मोठे चमकणारे स्फटिक असलेला शुद्ध डोलोमाइट किंवा शुद्ध चुनखडक सहसा त्रास देत नाही.

ॲसिड आणि मायक्रोस्कोप

लॅबमध्ये आल्यावर पहिलं काम दहा टक्के थंड हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब. चुनखडकावर लगेच फसफसतं. डोलोमाइट असेल तर नुसत्या दगडावर जेमतेम हालचाल, चाकूने खरवडून पावडर केली की मग बुडबुडे. मधलंच काहीतरी दिसलं, म्हणजे कुठे फसफस कुठे शांत, तर दोन्ही मिसळलेलं आहे आणि तिथे लक्ष द्यायचं.

मग दगडाची पावडर ॲसिडमध्ये पूर्ण विरघळवून बघा. विरघळणारं सगळं गेलं की बीकरच्या तळाशी राखाडी चिखल उरतो, तो गाळून वाळवून वजन करा, हाच न विरघळणारा भाग म्हणजे मुख्यतः माती आणि सिलिका. त्रासदायक दगडात हा साधारण दहा-वीस टक्क्यांच्या आसपास सापडतो. चिखल बोटात चोळून बघायची सवय लावा, मऊ लागला तर माती, खरखरीत लागला तर सिलिका, आणि खरखरीत असेल तर सिलिकाच्या रिॲक्शनसाठीही दगड वेगळा तपासावा लागेल.

आता पेट्रोग्राफी, म्हणजे दगड मायक्रोस्कोपखाली तपासणं. याच्याशिवाय पुढचं काहीच करू नये असं माझं ठाम मत आहे. पैसे वाचवायला लोक हेच गाळतात आणि मग वर्षभर आंधळेपणाने रीडिंग घेत बसतात. दगडाची ०.०३ मिमी जाडीची थिन सेक्शन करायची, अर्ध्या भागाला अलिझरिन रेड एसचा रंग द्यायचा, कॅल्साइट लाल होतो, डोलोमाइट तसाच राहतो. बघायचं काय, तर डोलोमाइटचे छोटे छोटे चौकट आकाराचे स्फटिक, पतंगासारखे, बारीक कॅल्साइट आणि मातीच्या लगद्यात एकमेकांना न चिकटता सुटे सुटे पसरलेत का. लाल गाळात पांढरे पतंग टाकल्यासारखं ते चित्र असतं, एकदा बघितलं की विसरत नाही. असं टेक्श्चर, त्यात डोलोमाइट आणि कॅल्साइट साधारण निम्मे निम्मे आणि वर माती, हे तिन्ही जुळलं की दगड संशयित. भारतात याचा मार्ग आयएस २३८६ भाग ८, बाहेर एएसटीएम सी २९५.

सोबत केमिकल ॲनालिसिस करून घ्या, खर्च फार नाही. कॅनडाच्या स्टँडर्डमध्ये कॅल्शियम ऑक्साइड भागिले मॅग्नेशियम ऑक्साइड हे गुणोत्तर ॲल्युमिनाच्या टक्केवारीसमोर ग्राफवर मांडतात आणि दगड कुठल्या पट्ट्यात पडतो ते बघतात. शुद्ध डोलोमाइटचं हे गुणोत्तर १.३९ येतं, शुद्ध चुनखडकाचं खूप मोठं, आणि धोक्याचा पट्टा या दोघांच्या मध्ये, जिथे ॲल्युमिनाही बऱ्यापैकी आहे म्हणजे माती आहे. पट्ट्याच्या बाहेर पडला तर बऱ्यापैकी निश्चिंत. आत पडला तर दोषी ठरवायचं नाही, पुढची टेस्ट करायची.

आयएस २३८६ भाग ७ मधली केमिकल मेथड मात्र कार्बोनेट दगडाला लावू नका. ती सिलिका किती विरघळली आणि अल्कली किती कमी झाला ते मोजते, कार्बोनेट मध्ये आलं की आकडे गोंधळतात.

रॉक सिलिंडर टेस्ट

एएसटीएम सी ५८६. दगडातूनच साधारण ३५ मिमी लांब आणि ९ मिमी व्यासाचा छोटा सिलिंडर काढायचा, १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये बुडवून ठेवायचा आणि लांबी वाढते का बघायचं. ऐकायला सोपं, करायला नाजूक.

का नाजूक ते आकड्यात बघा. २८ दिवसांत ०.१० टक्क्यापेक्षा जास्त वाढ म्हणजे दगड संशयित. ३५ मिमीचा ०.१० टक्का म्हणजे ०.०३५ मिमी, केसाच्या जाडीच्या जवळपास अर्धा. एवढ्या फरकावर एका खाणीचं भवितव्य ठरवायचं, तर हात, तापमान, स्वच्छता सगळं नीट पाहिजे.

दगड कुठल्या दिशेने जास्त फुगेल ते आधी कळत नाही, म्हणून नवीन थर असेल तर एकमेकांना काटकोनात अशा तीन दिशांनी सिलिंडर काढा, एक थराला उभा आणि दोन आडवे, यासाठीच खाणीत बाण काढायला सांगितलं होतं. ड्रिल करताना पाणी चालू ठेवा, कोरडं ड्रिल केलंत तर बारीक तडे जातात आणि पुढची सगळी रीडिंग वाया. टोकं शंकूसारखी घासून घ्या म्हणजे कंपॅरेटरमध्ये (लांबी मोजायचं यंत्र) दरवेळी एकाच बिंदूवर टेकतात. सपाट टोकंही चालतात पण एकसारखी टेकवायला त्रास होतो.

मग आधी डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा. ही पायरी लोक उडवतात. मातकट दगड पाण्यानेच थोडा फुगतो, ती वाढ अल्कलीच्या नावावर चढली तर चांगला दगड फुकट नापास होईल. रोज लांबी मोजा, एका दिवसातला फरक ०.०२ टक्क्याच्या आत आला की ती झाली झिरो लांबी.

सोल्युशनसाठी एका लिटरला ४० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड, पण ४० ग्रॅम मोजले म्हणजे १ नॉर्मल झालं असं समजू नका, विशेषतः आपल्याकडे जून ते सप्टेंबर. पावसाळ्यात डबा उघडून पेलेट्स वॉच ग्लासवर घेतले की दोन-तीन मिनिटांत ते ओले चकचकीत होतात, हवेतलं पाणी ओढतात, म्हणजे वजनात पाणीच मोजलं जातं. सोल्युशन केल्यावर टायट्रेशन करून नॉर्मॅलिटी तपासाच. पेलेट्स पाण्यात टाकायचे, पाणी पेलेट्सवर नाही, भांडं चांगलंच गरम होतं, गॉगल आणि ग्लोव्हज घालून करा, डोळ्यात थेंब गेला तर डोळा जातो. बाटल्या प्लॅस्टिकच्याच, घट्ट झाकणाच्या, काच हे सोल्युशन खातं. एका सिलिंडरला किमान ३५ मिलि सोल्युशन.

रीडिंग ७, १४, २१, २८ दिवसांना, पुढे दर चार आठवड्यांनी. दरवेळी सिलिंडर चिमट्याने काढा, पाण्याने धुवा, वरचं पाणी टिपा, तीच बाजू वर ठेवून लगेच मोजा. बोटात धरून गप्पा मारत बसू नका, बोटाच्या उबेनेही आकडा हलतो. मोजायच्या आधी आणि नंतर रेफरन्स बारवर कंपॅरेटर तपासा. आमच्याकडे एकदा शनिवारी लाईट गेली, सोमवारपर्यंत एसी बंद, सकाळी घाईत कोणीतरी रीडिंग घेतलं आणि सगळेच सिलिंडर एकसारखे वाढलेले. सगळे एकाच मापाने वाढले म्हणजे गडबड दगडात नसते, खोलीत असते. तेव्हा खोली तेवीस डिग्रीच्या आसपास स्थिर झाल्याशिवाय आणि सोल्युशनही त्या तापमानाला आल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि प्रत्येक रीडिंगसमोर तापमानाचा रकाना भरायचा.

हिशोब साधा. समजा झिरो लांबी ३५.२१४ मिमी आणि २८ दिवसांनी ३५.२६२. फरक ०.०४८, भागिले ३५.२१४, गुणिले शंभर, म्हणजे ०.१३६ टक्के. ०.१० च्या वर, दगड पुढच्या टेस्टला.

अजून एक, काही मातकट दगड आधी थोडे आक्रसतात आणि मग उशिरा फुगायला लागतात. २८ दिवसांना मायनस आकडा आला म्हणून बाटली ओतून टाकू नका. पेट्रोग्राफीत संशय होता ना, मग महिना-दोन महिने अजून चालू ठेवा, बाटलीला खायला लागत नाही.

८० डिग्रीवर झटपट काही हवंच असेल तर रायलेम या आंतरराष्ट्रीय संस्थेची एएआर-५ पद्धत आहे, त्यात दगड बारीक वाळूसारखा न करता ४ ते ८ मिमीचा ठेवून जाड बार करतात आणि त्याची वाढ वाळूइतक्या बारीक दगडाच्या बारशी ताडून बघतात. मोठ्या दाण्याचा बार जास्त फुगला तर कार्बोनेटचा संशय, कारण साध्या सिलिकावाल्या दगडात सहसा उलटं होतं. गाळणीसाठी ठीक, शेवटचा निर्णय त्यावर नको.

काँक्रीट प्रिझम, खरा निकाल

सिलिंडरने दगड फुगतो एवढंच सांगितलं, काँक्रीटमध्ये किती त्रास देईल ते प्रिझम, म्हणजे काँक्रीटची चौकोनी दांडी, सांगतो. दोन रस्ते आहेत. एएसटीएम सी ११०५ मध्ये कामावरचंच सिमेंट, ७५ बाय ७५ बाय २८५ मिमीचे प्रिझम, तेवीस डिग्रीला मॉइस्ट रूम. मर्यादा तीन महिन्यांना ०.०१५ टक्के, सहा महिन्यांना ०.०२५, वर्षाला ०.०३०. दुसरा एएसटीएम सी १२९३, क्युबिक मीटरला ४२० किलो सिमेंट, अल्कली मुद्दाम वाढवून सिमेंटच्या १.२५ टक्के, ३८ डिग्री, वर्षाला मर्यादा ०.०४ टक्के. माझं मत विचाराल तर वेळ आणि पैसा असेल तिथे दोन्ही करा, एकच जमत असेल तर दुसरी, कारण सिमेंटचा ब्रँड कामाच्या मध्यात बदलतो हे सगळ्यांना माहीत आहे.

अल्कली वाढवायचा हिशोब इथे चुकतो म्हणून करून दाखवतो. सिमेंटच्या सर्टिफिकेटवर सोडियम ऑक्साइड अधिक ०.६५८ गुणिले पोटॅशियम ऑक्साइड एवढी बेरीज करा, समजा ०.६० टक्के आली. ४२० किलोत २.५२ किलो अल्कली. हवा १.२५ टक्के म्हणजे ५.२५ किलो. कमी पडला २.७३ किलो. हा सोडियम ऑक्साइडच्या हिशोबात आहे, हायड्रॉक्साइड करायला १.२९१ ने गुणा, ३.५२ किलो प्रति क्युबिक मीटर. तीन प्रिझमना जवळपास पाच लिटर काँक्रीट लागतं, वाया जाणारं धरून सात लिटरचा घाणा करा, त्यात सिमेंट २.९४ किलो आणि हायड्रॉक्साइड २४.७ ग्रॅम. ते मिक्सिंगच्या पाण्यात विरघळवून टाकायचं, कोरडं नाही. पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४२ ते ०.४५. खडी १९ ते १२.५, १२.५ ते ९.५ आणि ९.५ ते ४.७५ अशी तीन समान भागात. वाळू आधीच तपासलेली निरुपद्रवी घ्या, नाहीतर फुगलं कोण हेच कळणार नाही. आपल्याकडची काळ्या दगडाची क्रश सँड तपासल्याशिवाय अजिबात नको, बेसॉल्टमध्ये ज्वालामुखी काच आणि कॅल्सेडोनी असू शकते.

दुसऱ्या दिवशी साचा काढल्यावर लगेच पहिलं रीडिंग, तेच झिरो. मग झाकणाच्या बादलीत, तळाला थोडं पाणी, भिंतीला आतून टिपकागदासारखं कापड पाण्यात बुडेल असं, प्रिझम पाण्याच्या वर उभे, पाण्याला न टेकता. पाणी आटलं का ते दर महिन्याला बघा, झाकण सैल असलं की बादली कोरडी पडते आणि दगड निर्दोष सुटतो, असे खोटे पास मी बघितलेत. रीडिंगच्या आदल्या दिवशी बादली ३८ डिग्रीतून काढून साधारण सोळा तास तेवीसला ठेवा. हे नाही केलं तर पंधरा डिग्रीच्या फरकानेच जवळपास ०.०१ टक्का खोटी वाढ दिसेल, आणि मर्यादा आहे ०.०४. रीडिंग ७, २८, ५६ दिवस, मग ३, ६, ९, १२ महिने. दरवेळी प्रिझमचं वजनही करा, वजन घटत असेल तर तो सुकतोय, म्हणजे टेस्ट नीट चालू नाही.

निकाल आल्यावर

प्रिझम मर्यादेच्या बाहेर गेला तर तो थर काँक्रीटला वापरायचा नाही. सिमेंट बदलून, फ्लाय ॲश टाकून परत टेस्ट करायला पार्टी सांगेल, करा हवी तर, पण मी तो रस्ता सुचवत नाही. खरा उपाय खाणीत आहे, वाईट थर बाजूला ठेवून फक्त चांगला फोडायचा, आणि थर पातळ असून वेगळा काढणं जमत नसेल तर ती पूर्ण बेंचच (खाणीतली पायरी) काँक्रीटमधून वगळायची. कामाच्या बेसला, भरावाला तो दगड वापरता येतो का ते वेगळं बघा.

चांगला थर पास झाला म्हणून खाण कायमची पास होत नाही. फेस (खाणीची फोडायची भिंत) पुढे सरकला, नवा थर उघडला, रंग बदलला की परत ॲसिडपासून सुरू करा, पूर्ण वर्ष नाही तरी पेट्रोग्राफी आणि सिलिंडर कराच. ज्या लॅबला काम देताय तिच्या एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) स्कोपमध्ये, म्हणजे मान्य टेस्टच्या यादीत, ही टेस्ट नावानिशी आहे का ते सर्टिफिकेटवर वाचून घ्या, "अल्कली टेस्ट करतो" एवढ्यावर जाऊ नका. रिपोर्टमध्ये थराचं नाव, खोली, सिलिंडरची दिशा, सोल्युशनची मोजलेली नॉर्मॅलिटी आणि प्रत्येक रीडिंगचं तापमान मागा. आणि प्रत्येक थराचा एक हातभर दगड लेबल लावून जपून ठेवा, काम संपल्यावरही, कारण पुढे कधी स्लॅबला भेगा दिसल्या तर मायक्रोस्कोपखाली ठेवायला तोच दगड लागणार आहे.